साल २००० ते २०२४: दरसाल एकच डबा

नवीन घरातल्या कपाटाला पाच कप्पे आहेत आणि एका कप्प्यात बोर्ड गेमचे पाचच डबे बसतात. जुन्या घरात डबे होते ६१. रविवारी, ४ मे २०२५ ला मी टेप लावून हे मोजलं आणि १४ डिसेंबरला शेवटचा डबा जागेवर बसला. मधल्या सात महिन्यांत काय केलं, कुठे अडलं, किती पैसे गेले ते लिहून ठेवते. घर बदलताना कुणावर अशीच वेळ आली तर उपयोगी पडेल.

आम्ही सांगलीत गावभागात राहायचो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट) आणि आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी आठवडाभर उभं होतं. आम्ही तेव्हा विश्रामबागेत नणंदेकडे होतो. परत आलो तेव्हा खेळांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे चिखलात होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पण तोवर आम्ही सगळं माळ्यावर चढवायला शिकलो होतो. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "आता बास. दर पावसाळ्यात ही चढउतार माझ्यानं व्हायची न्हाई." म्हणून विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावरचा लहान फ्लॅट घेतला. तिथे खेळांच्या वाट्याला आलं ते हे एक कपाट.

६१ मधून २५ निवडायचे कसे? पहिला आठवडा मी नुसतीच डबे काढत आणि परत ठेवत बसले. प्रत्येक डबा उघडला की काहीतरी आठवायचं आणि तो "ठेवायचे" या ढिगात जायचा. ११ मेपर्यंत त्या ढिगात ५४ डबे झाले होते. तेव्हा लेकीनं पुण्याहून फोनवर सुचवलं, "आई, माझा जन्म २००० चा. २००० ते २०२४ मोजली तर बरोब्बर २५ वर्षं होतात. प्रत्येक सालात निघालेल्या खेळांतला आपला सगळ्यात आवडता एक ठेव." ऐकताना फार सोपं वाटलं. एका सालात आपल्याकडे फार तर तीन-चार खेळ, त्यातला एक उचलायचा.

पहिलीच यादी साफ चुकली. मी साल बघत होते डब्यावरच्या लाल शिक्क्यावरून. जर्मनीत १९७९ पासून दरवर्षी एका खेळाला 'श्पील देस यारेस' हा पुरस्कार देतात आणि त्याचा शिक्का डब्यावर छापलेला असतो. पण ते साल पुरस्काराचं, खेळाचं नव्हे. कार्कासोनला पुरस्कार २००१ चा, खेळ २००० चा. डिक्सिटला २०१० चा, खेळ २००८ चा. हानाबीला २०१३ चा, खेळ २०१० चा. क्वर्कलचं तर पाच वर्षांचं अंतर: खेळ २००६ चा, पुरस्कार २०११ चा. डब्याच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं सालही फसवं, ते बहुतेक वेळा त्या आवृत्तीचं असतं. दोन आठवड्यांची मेहनत फुकट गेली. मग बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर दिलेलं पहिल्या प्रकाशनाचं साल प्रमाण मानायचं ठरवलं आणि सगळे डबे जमिनीवर सालवार मांडले. तुम्ही करणार असाल तर इथूनच सुरुवात करा.

सालवार मांडल्यावर चित्र दिसलं. नऊ खेळ २००० च्या आधीचे. उरलेले ५२ खेळ २२ सालांत विभागलेले, आणि २००४, २०२० आणि २०२४ ही तीन सालं चक्क रिकामी.

२००४ रिकामं निघाल्याचा मला धक्काच बसला, कारण त्या जागी 'टिकिट टू राइड' जाणार हे मी गृहीत धरलं होतं. ॲलन मून यांचा मूळ खेळ २००४ चा, पण तो अमेरिकेच्या नकाशाचा. आमच्याकडे आहे तो युरोपचा नकाशा, आणि तो २००५ मध्ये आला. तो मूळ खेळ नसतानाही खेळता येतो, म्हणून वेगळा धरायचा का? नवरा म्हणाला, "जो डबा एकटा खेळता येतो तो स्वतंत्र खेळ. ज्याला दुसरा डबा लागतो ती पुरवणी." हाच नियम शेवटपर्यंत ठेवला.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत पेढीवर हिशेब लिहिते. आयुष्य कीर्द-खतावणीत गेल्यामुळे २०१२ च्या दिवाळीपासून घरात खेळलेल्या प्रत्येक डावाची मी वहीत नोंद ठेवत आले आहे: तारीख, खेळ, कोण कोण बसलं, कुणाला किती गुण. महापुरात ती वही वाचली कारण ती माझ्या पिशवीत होती. मला वाटलं होतं, आता वही काढायची, बेरजा मारायच्या, जास्त डावांचा खेळ ठेवायचा.

२००८ ला येऊन हे मोडलं. त्या एका सालात आमच्याकडे तीन खेळ: पँडेमिक, डोमिनियन आणि डिक्सिट. वहीप्रमाणे डोमिनियन ५८ डाव, डिक्सिट ४४, पँडेमिक ३१. म्हणजे डोमिनियन. पण ५८ पैकी ५५ डाव फक्त मी आणि लेक, तिच्या अकरावी-बारावीत, रात्री साडेदहानंतर अभ्यास संपला की. त्याच्या पत्त्यांवर इंग्रजी मजकूर असतो, सासूबाईंना तो वाचता येत नाही. २०१८ ला लेक पुण्याला गेली आणि डोमिनियन तीनदा निघाला. मग मी खतावणीत करते तसं आणखी एक खातं उघडलं: डाव गुणिले माणसं. डिक्सिटला दर वेळी पाच-सहा जण असत, त्यामुळे तो दोनशेच्या वर गेला. डोमिनियन ११६ वर थांबला.

डिक्सिटमध्ये ८४ चित्रं असतात. एकानं आपल्या हातातल्या एका चित्रावर काहीतरी बोलायचं, बाकीच्यांनी त्या बोलण्याला जुळेल असं आपापलं चित्र टाकायचं, मग सगळी चित्रं मिसळून मूळ कोणतं ते ओळखायचं. सगळ्यांनी ओळखलं तर सांगणाऱ्याला शून्य, कुणीच ओळखलं नाही तरी शून्य. सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या या खेळात बाहेर आल्या. एकदा त्या अर्धीच ओवी म्हणाल्या आणि चित्र पालथं टाकलं. ओवी पुढं कशी जाते हे फक्त नणंदेला ठाऊक होतं. तिनं ओळखलं, आम्ही चुकलो. असं अर्ध्यांना कळेल, अर्ध्यांना कळणार नाही इतकं मोजून बोलणं त्यांना पहिल्या दिवसापासून जमलं.

पँडेमिकचा डबा "द्यायचे" या ढिगात ठेवताना मला फार वाईट वाटलं. सगळ्यांनी मिळून चार रोगांशी लढायचा तो खेळ, नकाशावर मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईही आहेत. २०२० च्या उन्हाळ्यात आम्ही त्याला हात लावू शकलो नाही, आणि २०२१ नंतर पुन्हा खेळायला लागलो तेव्हा सगळे जास्त मन लावून खेळायचे. दुसऱ्या कोणत्याही सालात असता तर तो राहिला असता. त्याच्याच सालात दोन तगडे खेळ निघाले, यात त्याचा काय दोष?

लेकीला निकाल पटला नाही. "तू माणशी हिशेब लावलास म्हणून डोमिनियन हरला." ती म्हणते तेही खरं आहे. तिनं डोमिनियन पुण्याला नेला. सोबत कतानही. कतान १९९५ चा, म्हणून आमच्या सालांच्या कुंपणाबाहेर. २००० च्या आधीचे दोनच घरात राहिले: स्क्रॅबल, आणि सासऱ्यांचा बुद्धिबळाचा पट. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे आणि भाग्यश्री ठिपसे, स्वाती घाटे या बुद्धिबळपटूंमुळे या गावात बुद्धिबळाचा पट कपाटात जात नाही, तो टीपॉयवरच असतो.

जिथे आकड्यांनी निकाल लागेना तिथे आम्ही रविवारी दोन्ही खेळ पाठोपाठ खेळलो. जेवणानंतर एक, चहानंतर दुसरा. जून ते सप्टेंबर अशा अकरा जोड्या खेळलो. सोबत भडंग, आणि भडंग खाणाऱ्याच्या मांडीवर वेगळा रुमाल, कारण तेलकट बोटं पत्त्यांना लागली की पत्ते एकमेकांना चिकटतात. या रविवारांनी बरेच अंदाज उलटवले. २०१९ ला मी विंगस्पॅन धरून चालले होते. नवरा पक्षी बघणारा, मायणीच्या तळ्यावर पहाटे जाऊन बसणारा, आणि विंगस्पॅनमध्ये १७० पक्ष्यांचे पत्ते. पण त्याच सालचा 'द क्रू' समोर आला. मेंढीकोटासारखे हात करायचे, फक्त सगळे एकाच बाजूचे आणि बोलायला जवळपास बंदी. त्यात ५० मोहिमा असतात, आमच्या ३८ झाल्या होत्या. त्या दुपारी ३९ वी तीनदा हरलो आणि चौथ्यांदा जमली, तोवर दिवे लागले होते. विंगस्पॅन उघडलाच नाही. नवऱ्यानं स्वतः क्रूचा डबा कप्प्यात ठेवला. त्याचं दुःख २०२२ नं भरून काढलं: 'विंगस्पॅन एशिया' त्या सालचा, दोघांना तो मूळ विंगस्पॅनच्या डब्याशिवाय खेळता येतो, म्हणजे त्यानंच सांगितलेल्या नियमाप्रमाणे स्वतंत्र खेळ.

काही सालांना पाच मिनिटंही लागली नाहीत. २०१४ ला स्प्लेंडर, २०१६ ला किंगडोमिनो, २०२१ ला कॅस्केडिया. २०१७ ला अझूल, ज्याच्या शंभर रंगीत फरशा महापुराच्या चिखलातून काढून साबणानं धुतल्या आणि गच्चीवर वाळवल्या तर नव्यासारख्या निघाल्या. फरशा काढायची कापडी पिशवी तेवढी कुजली होती. सासूबाईंनी खणाच्या तुकड्याची नवी शिवली, आत अस्तर लावून, म्हणजे आतला रंग बाहेरून दिसू नये. पिशवीत हात घातला की खणाची जर आधी बोटांना लागते.

२०१५ चा कोडनेम्सही राहिला, पण तो आमच्या रूपात. डब्यात इंग्रजी शब्दांचे २०० दुहेरी पत्ते येतात. लेकीनं पेढीवरच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या पाठीवर मराठी शब्द लिहिले, आणि मुद्दाम दोन-तीन अर्थांचे निवडले: घाट, पाट, मान, वर, कळ, धार, पीठ, वात. पटावर २५ शब्द मांडायचे आणि एका शब्दात खूण द्यायची. नणंद म्हणाली, "लग्न, तीन." 'वर' लगेच सापडला, 'मान' थोडा विचार करून, आणि तिसऱ्याला आम्ही 'वात' म्हटलं, समईची. तिला हवा होता 'पाट'. पुढच्या डावात मी "कृष्णा, दोन" म्हटलं, घाट आणि पाट दोन्ही मिळाले. मराठीत हा खेळ इंग्रजीपेक्षा जास्त रंगतो असं माझं ठाम मत आहे. कार्डं करायला आम्हाला एक रविवार आणि दोन स्केचपेन लागले.

आता रिकाम्या सालांचं. २००४ साठी 'सॅबोटर' घेतला, जुना, ७०० रुपयांना. दहा जणांपर्यंत खेळता येतो, नातेवाईक जमले की बरा. २०२० साठी 'मायक्रोमॅक्रो', तोही जुना, कोल्हापूरहून एसटी पार्सलनं, सगळे मिळून १,१००. भलामोठा शहराचा नकाशा, त्यात बारीक चित्रांत दडलेले १६ गुन्हे शोधायचे. सासूबाई पंचांग वाचायचं भिंग घेऊन नकाशावर ओणव्या बसतात आणि आमच्या आधी शोधतात. १६ संपले की डबा संपला, म्हणून आम्ही महिन्याला एकच उघडतो.

२०२४ साठी 'हार्मनीज' परदेशातून मागवला आणि तिथे मी खरी हैराण झाले. २ जूनला ३,९०० रुपये भरले. १३ जूनला मेसेज आला की पार्सल कस्टममध्ये अडलं आहे, कागद पाठवा. आधार आणि पॅन पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं, बिल पाठवा. बिल पाठवलं. मग विचारणा झाली, ही लहान मुलांची खेळणी आहेत का? भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्यामुळे डब्यावर कमी वय छापलेलं दिसलं की हा प्रश्न निघतो. वैयक्तिक वापरासाठी एकच नग आहे, टेबलावर खेळायचा खेळ आहे, विक्रीसाठी नाही, असं पत्र सही करून, फोटो काढून पाठवलं. दर वेळी फोनवर वेगळा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. २ जुलैला पार्सल सुटलं, ड्युटी आणि हाताळणी मिळून १,६४० रुपये. मागवणार असाल तर बिल, ओळखपत्र आणि असं पत्र एकाच फाइलमध्ये आधीच तयार ठेवा आणि प्रत्येक फोनचा तक्रार क्रमांक लिहून घ्या. माझे मधले नऊ दिवस फक्त तो क्रमांक नव्हता म्हणून गेले.

उरलेल्या ३५ डब्यांचं काय? विकायला मन होईना. शहरातल्या एका वाचनालयाला विचारलं, त्यांनी अर्ज करायला सांगितलं. ९ जुलैला अर्ज दिला, पोच घेतली. आठ दिवसांनी कळलं की यादी तीन प्रतींत हवी, त्यात नाव, साल, अंदाजे किंमत, सुट्या भागांची संख्या आणि अवस्था. भाग मोजायला मला आणि नवऱ्याला तीन रात्री लागल्या. चार डब्यांत भाग कमी निघाले, ते बाजूला काढले (सोंगट्या आणि फासे इतरांना सुटे भाग म्हणून कामी येतात, टाकू नका). ३१ उरले. ऑगस्टची समितीची सभा गणपूर्तीअभावी झाली नाही. सप्टेंबरच्या सभेत एका ज्येष्ठ सदस्यांनी हरकत घेतली: यादीत बरेच पत्त्यांचे खेळ आहेत, वाचनालयात पत्ते नकोत. मला बोलावलं होतं म्हणून बरं. आमचा घरचा हानाबी मी पिशवीत घेऊन गेले होते. त्यात ५० पत्ते, पाच रंग. आपले पत्ते आपण उलटे धरायचे, समोरच्यांना दिसतात, आपल्याला नाही. एकमेकांना मोजक्या खुणा देऊन सगळ्यांनी मिळून फटाक्यांची आतषबाजी क्रमानं पूर्ण करायची. पैसा नाही, पैज नाही. पाच मिनिटं म्हणून त्या सदस्यांच्या हातात पत्ते दिले. त्यांनी मला पहिली खूण दिली, मी ती चुकीची समजले आणि त्यांना फार हळहळ वाटली. डाव पूर्ण होईस्तोवर सभा थांबली होती. ठराव त्याच दिवशी झाला, त्याची प्रत दसऱ्यानंतर हातात पडली.

९ नोव्हेंबरला रिक्षाच्या दोन फेऱ्या करून ३१ डबे पोहोचवले. त्यांनी प्रत्येकाला दाखल क्रमांक दिला आणि एक चांगली अट घातली: झाकणाच्या आतून भागांची यादी चिकटवलेली हवी, म्हणजे परत घेताना मोजता येईल. पँडेमिक कोणत्या कपाटात ठेवला ते मी बघून आले.

६ डिसेंबरला सामान हललं. डबे आडवे न ठेवता उभे भरायचे असतील तर आधी सुटे भाग झिपच्या पिशव्यांत घाला आणि डब्याला रुंद रबर लावा, नाहीतर नव्या घरात पोहोचेपर्यंत आत सगळी मिसळ होते. हवाबंद पेट्या, झिप पिशव्या आणि ओल शोषणाऱ्या पुड्या यांना २,३०० रुपये लागले. तीन नवे डबे धरून सगळा खर्च ९,६४०.

वाचनालयाची अट मला इतकी आवडली की आमच्या २५ डब्यांनाही झाकणाच्या आत याद्या लावायला घेतल्या. शेवटचा उरला २००० सालचा कार्कासोन. महापुरात तो सगळ्यात खाली होता. त्याच्या चौकोनी पुठ्ठ्यांवर रस्ते, शेतं आणि गावांचे तुकडे असतात, ते जोडत जोडत नकाशा वाढवायचा. एकूण ७२. पाण्यात पुठ्ठ्याचे पदर सुटले होते. आम्ही एकेक तुकडा वर्तमानपत्रात ठेवून त्यावर पाटा ठेवला, रोज कागद बदलला, सुटलेल्या पदरांत कापसाच्या काडीनं फेविकॉल भरला. महिन्याभरानं ६१ सपाट झाले, ११ गेले. लाकडी माणसं सगळी वाचली, पिवळ्यांच्या पायाशी गढूळ रेघ राहिली तेवढी. २००० मध्ये त्याला दुसरा स्पर्धकही होता, अख्खा, एकही भाग न हरवलेला, आणि लेकीनं नवा कार्कासोन घेऊन देते म्हटलं होतं. वहीत त्याचे २०१९ च्या आधी ७० डाव आहेत, नंतर ६६.

१४ डिसेंबरच्या दुपारी यादी लिहायला बसले. 'फरशा' लिहून पुढे ७२ पैकी ६१ असं लिहिणार होते. सासूबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. "पैकी कशाला? हायत त्या लिही की." मी ६१ लिहिलं, झाकण लावलं, आणि डबा वरच्या कप्प्यात डावीकडून पहिला ठेवला.